दुकानाची बिलं, प्रचाराची पत्रकं आणि वारसाचा प्रश्न : हार्वे मिल्क यांच्या कागदपत्रांचं प्रकरण

फेब्रुवारी १९९५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत स्कॉट स्मिथ वारले. वय ४६. एड्सच्या साथीत त्या शहराने गमावलेल्या हजारो पुरुषांपैकी ते एक. त्यांच्या मागे उरलेल्या सामानात मात्र आणखी एका माणसाची कागदपत्रं होती, आणि त्या माणसाला जाऊन सोळा वर्षं झाली होती. पत्रं, भाषणांचे मसुदे, निवडणुकीची पत्रकं, फोटो आणि बंद पडलेल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानाचे कागद, असं सगळं त्यात होतं. हे सगळं हार्वे मिल्क यांचं. स्मिथ हे एके काळचे त्यांचे जोडीदार आणि दुकानातले भागीदार.

आता हे सामान आलं स्मिथ यांच्या आईच्या हातात. एल्वा स्मिथ यांनी १९९६ साली कागदपत्रं सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक ग्रंथालयाला दिली. आज तो संग्रह ‘हार्वे मिल्क अर्काइव्ह्ज – स्कॉट स्मिथ कलेक्शन’ म्हणून ओळखला जातो. जपणाऱ्याचं नावही त्यात आलं आहे हे मला फार रास्त वाटतं. संग्रहांच्या जगात असं नेहमी होत नाही.

मिल्क यांची ओळख थोडक्यात करून देतो. जन्म १९३०, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचा, ज्यू कुटुंबातला. नौदल, शिक्षकी, विमा कंपनी, वॉल स्ट्रीट, नाटकाचं वेड अशी वळणं घेत चाळिशी ओलांडल्यावर ते सॅन फ्रान्सिस्कोत स्थिरावले. १९७३ मध्ये ते पहिल्यांदा ‘बोर्ड ऑफ सुपरवायझर्स’च्या निवडणुकीला उभे राहिले. सुपरवायझर म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा नगरसेवक. १९७३ ला हरले, १९७५ ला हरले, १९७६ ला राज्याच्या विधानसभेसाठी उभे राहून चार हजारांपेक्षा कमी मतांनी हरले आणि नोव्हेंबर १९७७ मध्ये निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे उघड सांगून अमेरिकेत निवडून आलेल्या अगदी पहिल्या मोजक्या लोकप्रतिनिधींपैकी ते एक. राजीनामा दिलेला माजी सहकारी डॅन व्हाइट याने २७ नोव्हेंबर १९७८ ला सिटी हॉलमध्ये आधी महापौर जॉर्ज मॉस्कोनी यांना आणि मग मिल्क यांना गोळ्या घातल्या. पद मिळून पुरते अकरा महिनेही झाले नव्हते.

आता दुकान. माझ्या मते या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

मिल्क आणि स्मिथ यांनी फिल्मचा एक रोल धुवायला दिला होता, तो खराब होऊन परत आला. त्या वैतागातून कॅमेऱ्याच्या दुकानाची कल्पना निघाली. हाताशी उरलेले शेवटचे हजार डॉलर घालून १९७३ मध्ये ५७५, कॅस्ट्रो स्ट्रीट या पत्त्यावर ‘कॅस्ट्रो कॅमेरा’ सुरू झालं. थोड्याच दिवसांत राज्य सरकारचा एक अधिकारी दारात उभा राहिला : विक्रीकरापोटी शंभर डॉलर अनामत भरा. मिल्क भडकले. आठवडेच्या आठवडे सरकारी कचेऱ्यांत खेटे घालून त्यांनी ती रक्कम तीस डॉलरवर आणली. त्याच सुमारास एक शिक्षिका दुकानात आली. शाळेतला प्रोजेक्टर चालत नाही, तुमचा मिळेल का, म्हणून विचारायला. आणि त्याच उन्हाळ्यात टीव्हीवर वॉटरगेटची सुनावणी चालू होती. मिल्क निवडणुकीला का उभे राहिले याचं उत्तर देताना हे तीन प्रसंग नेहमी सांगितले जातात. त्यांतले दोन दुकानाच्या गल्ल्यासमोर घडलेले आहेत.

पुढचंही तसंच. कॅस्ट्रो भागात तेव्हा समलिंगी लोक येऊन राहू लागले होते. तिथल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या संघटनेने दोन समलिंगी पुरुषांना जुन्या वस्तूंचं दुकान उघडू न देण्याचा प्रयत्न केला. तेव्हा मिल्क आणि इतर काही दुकानदारांनी ‘कॅस्ट्रो व्हिलेज असोसिएशन’ उभी केली आणि मिल्क तिचे अध्यक्ष झाले. १९७४ मध्ये या संघटनेने कॅस्ट्रो स्ट्रीटवर पहिली जत्रा भरवली. पाच हजारांहून जास्त लोक आले. जुन्या संघटनेतल्या काही दुकानदारांचाही त्या दिवशी एरवीपेक्षा दणकून धंदा झाला आणि त्यांचा विरोध बराच मावळला. ट्रकचालकांच्या युनियनने कूर्स बिअरवर बहिष्कार पुकारला तेव्हा मिल्क यांनी समलिंगी बारमालकांना त्यात ओढलं, पण अट घातली : युनियनने समलिंगी चालकांना काम द्यायचं. चळवळीतल्या माणसाकडे असतं त्याहून वेगळं, दुकानदाराचं व्यवहारी डोकं इथे दिसतं. गिऱ्हाईक काय आणू शकतं आणि त्याच्या बदल्यात काय मागता येतं, हा हिशेब त्यांना पाठ होता. गंमत म्हणजे स्वतःच्या दुकानात हा हिशेब त्यांना फारसा जमला नाही. दुकान म्हणजे प्रचार कार्यालय आणि गप्पांचा अड्डा. तिथे एक जुना सोफा पडलेला असे, त्यावर कोणीही येऊन बसावं. विक्री झाली तर झाली. १९७८ मध्ये भाडं परवडेनासं झाल्यावर दुकान मार्केट स्ट्रीटवर हलवावं लागलं. सुपरवायझरचा पगार वर्षाला ९,६०० डॉलर. मिल्क गेले तेव्हा कर्जात होते.

कोणताही नवखा माणूस असा संग्रह लावायला बसला की पहिल्याच दिवशी दोन गठ्ठे करतो : ‘महत्त्वाचं’ आणि ‘दुकानाचं’. भाषणं, पत्रव्यवहार, वर्तमानपत्रांची कात्रणं पहिल्या गठ्ठ्यात. बिलं, पावत्या, पुरवठादारांची पत्रं, भाड्याचे कागद दुसऱ्यात, आणि हा दुसरा गठ्ठा जागेच्या अडचणीत रद्दीत जातो. मिल्क यांच्या बाबतीत हे झालं असतं तर काय उरलं असतं? उत्तम वक्ता आणि हुतात्मा. कॅस्ट्रोतल्या भाड्यांशी झगडणारा, पाऊण जग उधारीवर चालवणारा, शंभर डॉलरसाठी खेटे घालणारा मिल्क गेला असता. प्रचारपत्रकावर पत्ता दुकानाचाच. मग हा कागद धंद्याचा की राजकारणाचा? अभिलेखागारात म्हणूनच नियम असतो की कागद ज्या क्रमाने सापडले तो क्रम शक्यतो मोडायचा नाही. हा नियम लोकांना वेळखाऊ वाटतो. छोट्या व्यवसायातून चळवळ चालवणाऱ्या माणसाच्या बाबतीत तो पाळला नाही तर अर्धी गोष्ट हरवते.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. र. धों. कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ चालवत होते आणि संततिनियमनाची साधनंही विकत होते. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, आणि १९३४ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले. कर्व्यांचा विचार आपण वाचतो. पण मासिकाचे वर्गणीदार, साधनांची विक्री आणि येणारी पत्रं हा एकच व्यवहार होता, हे पुस्तकात छापलेल्या लेखांतून कळत नाही.

आता वारसाचा प्रश्न. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्यापुढे मिल्क आणि स्मिथ यांचं नातं काय होतं? काहीच नाही. शिवाय त्यांचं जोडीदार म्हणून एकत्र राहणं तोपर्यंत संपलेलं होतं, उरली होती ती दोस्ती आणि भागीदारी. मिल्क यांचे आईवडील हयात नव्हते, एक मोठा भाऊ होता. मृत्युपत्र नसतं तर कायद्याने रक्ताच्या नात्याकडे बोट दाखवलं असतं. पण मृत्युपत्र होतं आणि त्याची अंमलबजावणी करणारा म्हणून स्मिथ यांचं नाव होतं. सगळा संग्रह टिकला तो या एका कागदाच्या आधाराने. स्मिथ यांचं प्रेम, कष्ट, निष्ठा यांना कायद्याच्या भाषेत काही किंमत नव्हती.

निवडून आल्यावर दहा दिवसांनी, १८ नोव्हेंबर १९७७ ला, मिल्क यांनी एक ध्वनिफीतही बोलून ठेवली. आपली हत्या झाली तरच ऐकायची. जाहीर भाषणांत मिल्क यांचा आवाज चढा आणि विनोदी असतो. ‘माझं नाव हार्वे मिल्क, आणि मी तुमची भरती करायला आलोय,’ ही त्यांची ठरलेली सुरुवात. फितीत मात्र ते कामकाजाच्या सुरात बोलतात. आपल्या जागी महापौरांनी कोणाला नेमावं याची चार नावं ते देतात आणि कोणाला मुळीच नेमू नये हेही नावं घेऊन सांगतात. म्हणजे मेल्यानंतरही गटबाजीचा हिशेब चुकता. त्या चौघांपैकी हॅरी ब्रिट यांची नेमणूक जानेवारी १९७९ मध्ये मॉस्कोनी यांच्यानंतर महापौर झालेल्या डायॅन फाइन्स्टाइन यांनी केली. फितीतलं जगभर गाजलेलं वाक्य आपल्याला ठाऊक असतं : माझ्या मेंदूत गोळी शिरलीच तर तिने लपून राहिलेल्या प्रत्येकाच्या कपाटाचं दार फोडावं. (समलिंगी असणं लपवून जगण्याला इंग्रजीत ‘कपाटात राहणं’ म्हणतात.) पण उद्या ही माणसं आपसांत भांडतील, म्हणून आत्ताच नावं सांगून ठेवतो, हा भाग मला जास्त मिल्कसारखा वाटतो. या वाक्याची पाटी होते, पण नावांची यादी मूळ फीत किंवा तिची प्रत जपली तरच राहते.

आपल्याकडे हीच अडचण आज आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने ३७७ कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे पुण्यात वीस वर्षं एकत्र राहिलेल्या दोन पुरुषांपैकी एक मृत्युपत्र न करता गेला, आणि तो हिंदू वारसा कायद्याखाली येत असेल, तर त्याची आई पहिल्या वर्गातली वारस आणि जोडीदार परका. आईचं मन मोठं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर डायऱ्या आणि फोटो पहिल्यांदा जळतात, कारण घरच्यांना लाज त्यांचीच वाटते. मृत्युपत्राला आपल्याकडे दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. पण बहुतेक मृत्युपत्रांत फ्लॅट, दागिने, बँकेतली ठेव असते. कागदपत्रं कोणाकडे जावीत हे त्यात कोणी लिहीत नाही, आणि फोनमधल्या मजकुराचं तर नावच नको.

१९७८ ते १९९५ हा मधला काळ मी भरभर सांगतो, कारण त्यात वाट पाहणंच जास्त आहे. व्हाइटला मे १९७९ मध्ये खुनाऐवजी सदोष मनुष्यवधासाठी सात वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली, शहरात दंगल उसळली. चरित्र आलं, माहितीपट आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. स्मिथ लोकांना कागद दाखवत राहिले, मिल्क यांच्या नावाची राखण करत राहिले. याच वर्षांत एड्सने कॅस्ट्रो रिकामं होत होतं. माणूस गेला की दूरगावचे नातेवाईक यायचे, खोली मोकळी करायचे आणि सगळं कचऱ्यात. १९८५ मध्ये शहरातल्या काही जणांनी समलिंगी इतिहासासाठी संस्था उभी केली, तीच पुढे जीएलबीटी हिस्टॉरिकल सोसायटी म्हणून ओळखली गेली. कागद वाचवण्याची निकड तिच्या मुळाशी होती. मिल्क यांच्या काही वस्तू आज या सोसायटीकडे आहेत. मृत्यूच्या वेळी अंगावर असलेला, गोळ्यांची भोकं पडलेला सूटही त्यात आहे. कागद ग्रंथालयात, कपडे सोसायटीत अशी वाटणी झाली. अभ्यासकाला दोन ठिकाणी जावं लागतं, पण ही वाटणी मला योग्य वाटते. कापड टिकवण्याचं काम वेगळं आणि कागद टिकवण्याचं वेगळं.

सार्वजनिक ग्रंथालयाचं मुख्य केंद्र एप्रिल १९९६ मध्ये नव्या इमारतीत सुरू झालं आणि त्यात समलिंगी विषयासाठी स्वतंत्र हॉर्मेल केंद्र निघालं. जेम्स हॉर्मेल या देणगीदाराचं नाव त्याला आहे, पुढे ते लक्झेंबर्गला अमेरिकेचे राजदूत झाले. एल्वा स्मिथ यांची देणगी त्याच वर्षीची. नगराच्या करातून चालणाऱ्या संस्थेत हे कागद गेले ही गोष्ट छोटी नाही. विद्यापीठात गेले असते तर कदाचित ओळखपत्र आणि शिफारस लागली असती.

नको असलेले कागद हा प्रत्येक संग्रहातला अवघड भाग असतो. मिल्क यांचं देवत्व इथे ठेचकाळतं.

१९६४ मध्ये मिल्क बॅरी गोल्डवॉटर यांच्या प्रचारात होते, म्हणजे रिपब्लिकन पक्षाच्या उजव्या टोकाला. हे एक वेळ चालतं, माणसं बदलतात. जड जातं ते १९ फेब्रुवारी १९७८ चं पत्र. मिल्क यांनी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना लिहून पीपल्स टेंपल या पंथाच्या जिम जोन्सची बाजू घेतली. विषय होता एका लहान मुलाच्या ताब्याचा. मूल जोन्सच्या वसाहतीत, आईबाप त्याला परत मागत होते, आणि मिल्क यांनी जोन्सच्या चारित्र्याची ग्वाही दिली. नऊ महिन्यांनी, १८ नोव्हेंबर १९७८ ला, गयानातल्या त्या वसाहतीत जोन्सच्या आदेशावरून ९०० हून अधिक माणसं मेली. तो मुलगाही त्यात होता. टेंपलचे कार्यकर्ते शहरात अनेक पुढाऱ्यांच्या प्रचाराला येत, मिल्क यांच्याही. तेव्हा सगळेच फसले होते, असं म्हणता येतं. तरी बाकीच्या पुढाऱ्यांनी फसणं आणि आईबापांच्या विरोधात सही करणं यात फरक आहे. हे पत्र काढून टाकलेला कोणताही मिल्क-संग्रह मला खोटा वाटला असता.

दुसरं उदाहरण माणसांच्या खाजगीपणाचं. २२ सप्टेंबर १९७५ ला सॅन फ्रान्सिस्कोत राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्यावर सारा जेन मूर हिने गोळी झाडली, आणि गर्दीतल्या ऑलिव्हर सिपल या माजी सैनिकाने तिचा हात धरला. सिपल समलिंगी होता, पण घरी माहीत नव्हतं. मिल्क यांनी ही गोष्ट ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’ या वर्तमानपत्राचे स्तंभलेखक हर्ब केन यांच्यापर्यंत पोहोचवली. हेतू असा की समलिंगी माणूसही शूर असतो हे देशाला दिसावं. केनच्या स्तंभात ते छापून आलं, सिपलच्या आईने त्याच्याशी बोलणं तोडलं. सिपलने वर्तमानपत्रांवर दावा लावला, तो हरला. १९८९ मध्ये तो एकटाच मेला.

आता हाच प्रश्न संग्रहाला लावून पाहा. मिल्क यांना आलेल्या पत्रांत अनेकांची नावं असणार. कॅलिफोर्नियात संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळणारा १९७५ चा दुरुस्ती कायदा लागू होईपर्यंत अशा पत्रातली कबुली म्हणजे गुन्ह्याची कबुली होती. मिल्क स्वतः म्हणाले असते : सगळं उघडा, सगळी दारं फोडा. तरीही त्यांचं ऐकू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कागद मिल्क यांचे असले तरी त्यातली नावं त्यांची नाहीत. पत्र लिहिणारा हयात असेपर्यंत किंवा ठरावीक वर्षं उलटेपर्यंत ते मिटलेलं ठेवण्याची सोय अभिलेखागारांत असते, आणि तिचा उपयोग भित्रेपणाने नाही तर सिपलची आठवण ठेवून करायला हवा. मुंबईत अशोक राव कवी यांनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ काढलं. अशा नियतकालिकाकडे येणाऱ्या पत्रांचं असंच आहे. लिहिणाऱ्यांतले अनेक आज आजोबा असतील, नातवंडांसह. बेंगळुरूत राष्ट्रीय विधी विद्यापीठात ‘क़मरा’ हा समलिंगी इतिहासाचा संग्रह उभा राहिला आहे. महाराष्ट्रातले कागद तिथे द्यायचे की इथेच काही करायचं, ही चर्चा व्हायला हवी. पण आधी कोणती नावं किती वर्षं झाकायची हे देणाऱ्याने लिहून द्यायला हवं.

राहता राहिला एक गुंता, जो खाजगी कागदांनी सुटला नसता. मिल्क प्रचारात सांगत की समलिंगी म्हणून नौदलाने आपल्याला काढलं. १९८२ च्या चरित्रात रँडी शिल्ट्स यांनी ही थाप ठरवली आणि वर्षानुवर्षं तेच खरं मानलं गेलं. पुढे नौदलाच्या नोंदी पाहिल्यावर कळलं की १९५५ मध्ये कोर्टमार्शल टाळण्यासाठी मिल्क यांनी राजीनामा दिला होता आणि तो सन्मानपूर्वक नसलेल्या शेऱ्यासह स्वीकारला गेला. म्हणजे उमेदवाराची बढाई सत्याच्या जास्त जवळ निघाली आणि चरित्रकार चुकला. २०२१ मध्ये त्याच नौदलाने मिल्क यांच्या नावाचं तेलवाहू जहाज पाण्यात सोडलं, आणि जून २०२५ मध्ये ते नाव काढून दुसऱ्या महायुद्धातले नौसैनिक ऑस्कर पीटरसन यांचं दिलं.

मिल्क यांचे कागद पाहायचे असतील तर ते मुख्य ग्रंथालयाच्या सहाव्या मजल्यावर, सॅन फ्रान्सिस्को हिस्टरी सेंटरमध्ये मागवावे लागतात. संग्रहाची सूची आधी बघून खोक्याचा क्रमांक लिहून न्यावा. पहिल्या फेरीला भाषणांची खोकी मागवायचा मोह होतो, कारण ती ओळखीची असतात. त्याऐवजी कॅस्ट्रो कॅमेराची मागवावीत.